सी ड्राइव्ह लाल झाला की...

होस्टेलमध्ये निम्म्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह लाल झालेला दिसतो. त्यावर उपाय म्हणजे मोठी एसएसडी. पण विंडोज नव्या डिस्कवर न्यायचं कसं? सुट्टीत मुरुमला आमच्या दादाच्या झेरॉक्सच्या दुकानात मी हे काम केलं. त्यात जे शिकलो ते सांगतो.

दुकानातल्या पीसीत १२८ जीबीची एसएसडी होती, नवी आणली ५०० जीबीची. नुसतं कॉपी-पेस्ट करून विंडोज चालू होत नाही. बूटचं छोटं पार्टिशन आणि पार्टिशन टेबल फाइलींमध्ये दिसतच नाही. म्हणून अख्ख्या डिस्कची नक्कल, म्हणजे क्लोन करावा लागतो. मी फुकट मिळणारं क्लोनझिला पेनड्राइव्हवर घेतलं. त्याआधी दादाची बिलं आणि गिऱ्हाइकांच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या. हे आधी करायचंच.

खरा धोका एकच: कोणती डिस्क जुनी अन् कोणती नवी. उलटं निवडलंत तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर बसते आणि सगळं पुसलं जातं. नावावर जाऊ नका, आकडा बघा. माझ्यासमोर १२८ आणि ५०० असे दोनच आकडे होते, तरी तीनदा वाचले.

नवी डिस्क केबलने पुढच्या यूएसबी २.० पोर्टला लावली होती. तिथे सेकंदाला जेमतेम ३० एमबी जातात, म्हणजे ९० जीबीला पाऊण तासाहून जास्त. अर्ध्यात लाईट गेली! यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. दादा म्हणाला, "गेलं का रे सगळं?" गेलं नव्हतं. क्लोन करताना जुनी डिस्क फक्त वाचली जाते, लिहिलं जातं नवीवर. लाईट आल्यावर जुन्या डिस्कवर पीसी नेहमीसारखा चालू झाला. मग मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टला केबल लावून पहिल्यापासून क्लोन केला. वीस मिनिटांत काम झालं.

जुनी डिस्क काढून नवी बसवली. विंडोज आलं, पण सी ड्राइव्ह तेवढाच! उरलेली जागा मोकळी पडलेली, आणि वाढवायचा पर्याय बंद. कारण सी आणि मोकळी जागा यांच्या मधे रिकव्हरी पार्टिशन बसलेलं. जीपार्टेडने ते शेवटी सरकवलं, मग सी वाढला. आता एकूण ४६५ दिसतात, त्यात फसवणूक नाही. कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने.

लॅपटॉपवाल्यांनो, बिटलॉकर चालू असेल तर आधी रिकव्हरी की लिहून ठेवा आणि ते बंद करा. चार्जर लावूनच बसा. आणि जुनी डिस्क लगेच पुसू नका. दादाने ती महिनाभर गल्ल्यात ठेवली होती. तेवढं तरी थांबा.