दमलेल्या घराचा शुक्र

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी साडेसहाला येते आणि सव्वासातला जाते. शाळेची रिक्षाही सव्वासातलाच येते. त्या पाऊण तासात पिंप भरायचे, कणीक मळायची, तीन डबे, दादींची रक्तदाबाची गोळी आणि धाकट्याचे बूट. त्यातला एक हमखास सापडत नाही. गेल्या महिन्यात अशाच एका सकाळी दूध उतू गेले, मोठीने ऐन वेळी सांगितले की आज चार्ट पेपर न्यायचा आहे, आणि पिंप वाहून चालले म्हणून दादी हाका मारत राहिल्या. स्वयंपाकघरातून चिडका सूर निघाला तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाने खुर्चीत बसल्या बसल्या सांगितले, "अगं, शुक्र कर. घर भरलेले आहे."

उत्तर लगेच आले. "शुक्र मी करते, डबे तुम्ही भरा."

त्या दिवशी मुलांनी डब्यात चपाती-साखर नेली. रात्री मात्र दोघांनाही वाटले की हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या घरांतून 'शुक्र' हा शब्द किती वेळा अल्लाहसाठी निघतो आणि किती वेळा समोरच्या माणसाला गप्प करण्यासाठी? दमलेली सून, रात्रपाळी करून आलेला मुलगा, आजारी आईच्या उशाशी बसलेली लेक, कोणी थकल्याचे नुसते बोलले की आपले तयार असते, "शुक्र करा!"

झोपताना आपण 33 वेळा सुबहानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणतो. या तस्बीहला हजरत फातिमा (रजि.) यांचे नाव का, हे लहानपणीच ऐकलेले होते. त्या रात्री ती हदीस पुन्हा काढून वाचली. सहीह बुखारीत हजरत अली (रजि.) सांगतात की जाते ओढून हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना फार त्रास होत होता. कामाला माणूस मागावा म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. प्रेषित (स.) घरी नव्हते. हजरत आयशा (रजि.) यांच्यापाशी निरोप ठेवून त्या परतल्या. रात्री दोघे अंथरुणावर पडल्यावर प्रेषित (स.) स्वतः आले. दोघे उठू लागले तर तसेच राहा म्हणाले आणि मध्ये बसले, इतके जवळ की त्यांच्या पावलांचा गारवा हजरत अलींना छातीवर जाणवला. मग नोकरापेक्षा चांगली गोष्ट म्हणून त्यांनी ही तस्बीह शिकवली.

आजवर आमचे सगळे लक्ष आकड्यांवर होते. या वेळी बाकीचेही दिसले. लेक गाऱ्हाणे घेऊन आली म्हणून प्रेषितांनी (स.) तिला रागावले नाही. उलट निरोप धाडून भागवले नाही, रात्री तिच्या घरी आले. आणि तस्बीह एकट्या तिला नव्हे, नवराबायको दोघांना दिली. याच बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांचे सांगणे आहे की प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. तेव्हा खुर्चीतून शुक्राचा उपदेश करणाऱ्याला या हदीसचा आधार मिळेल असे काही दिसत नाही. (खुर्चीतल्या आमच्या माणसाने हे कबूल केले आहे.)

गोंगाटाचेही तसेच. घर जरा शांत झाले, मुले मोठी झाली की निवांत शुक्र करू, असे आपल्याला वाटते. प्रेषित (स.) तर मशिदीत इमामत करतानाही मुलाचे रडणे ऐकू आले की नमाज आटोपती घेत, त्याच्या आईच्या जिवाला त्रास नको म्हणून.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आणखी एक हदीस आहे. तिचा आशय असा की जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही. हे वाचून आम्ही आठवून पाहिले. किराणा दुकानदाराला आम्ही जजाकल्लाह म्हणतो, रिक्षावाल्याला म्हणतो. घरात पंधरा वर्षे चपात्या लाटणारीला? दर महिन्याला वीजबिलाच्या रांगेत उभे राहणाऱ्याला? दोघांनाही शेवटचे कधी म्हटले ते आठवेना. दादींना तर ईदच्या सलामाखेरीज वेगळे काही म्हटल्याचे स्मरणात नाही. सूरह लुकमानच्या 14व्या आयतीत अल्लाहने आपल्या शुक्राबरोबरच आईवडिलांचेही आभार मानायला सांगितले आहे, आणि त्याआधी आईने सोसलेल्या थकव्यावर थकव्याचा उल्लेख केला आहे.

आता डबे खुर्चीवाला भरतो. ते चांगले भरतो असे नाही, परवा मोठीच्या दप्तरात वरण सांडले. दादींची गोळी मोठी देते आणि दादी तिला मोठ्याने जजाकल्लाह म्हणतात, सगळ्या घराला ऐकू जाईल असे. पिंप अजूनही वाहते.

रात्री तस्बीह मात्र सगळे मिळून म्हणतो. धाकटा बोटांच्या पेरांवर मोजतो. 33 पर्यंत तो अजून एकदाही पोचलेला नाही, विसाच्या आसपास झोपी जातो. त्याचा हात पांघरुणात घालून उरलेली आम्ही पूर्ण करतो आणि फज्रचा गजर लावतो.