न दिसणाऱ्या कणाचा धक्का : जड न्यूट्रिनोचा शोध

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित भाग.

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं, "दादा, जे सापडलंच नाही त्यावर एपिसोड कशाला?" आज त्याचंच उत्तर देतो.

तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले साधारण ६,००० कोटी न्यूट्रिनो आरपार जातात. आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यांना वस्तुमान आहे हे १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगातून कळलं. ते आलं कुठून? एक शक्यता अशी की त्यांचे आणखी जड भाऊबंद असतील, जे आपल्या नेहमीच्या डिटेक्टरला जवळपास दाद देत नाहीत.

मग पकडायचं कसं? अंधारात तलावात एक होडी आहे असं समजा. कोणीतरी उडी मारली. माणूस दिसला नाही, पण होडी मागे किती सरकली ते मोजता येतं ना? 'बीस्ट' नावाचा प्रयोग नेमकं हेच करतो.

इथे होडी म्हणजे बेरिलियम-७ चा अणू. त्याचं केंद्रक स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळतं, लिथियम-७ बनतं आणि न्यूट्रिनो बाहेर फेकतं. निम्मे अणू साधारण ५३ दिवसांत असे बदलतात. न्यूट्रिनो एका बाजूला, लिथियम उलट बाजूला. लिथियमला मिळणारा धक्का फक्त ५७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या जेमतेम २५ फोटॉनएवढा.

आता गंमत बघा. न्यूट्रिनो जड असेल तर धक्का वाढत नाही, कमी होतो! कारण बजेट ठरलेलं आहे: ८६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यातले ५०० वस्तुमानातच खर्च झाले, तर वेगासाठी कमी उरतं आणि धक्का ५७ वरून ३८ च्या आसपास येतो.

हा फरक टिपायला कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत बेरिलियमचे अणू थेट सेन्सरमध्येच रुजवतात. सेन्सर म्हणजे टँटलमचे दोन थर आणि मध्ये अतिशय पातळ इन्सुलेटर. शून्याच्या खाली जवळपास २७३ अंशांवर टँटलम सुपरकंडक्टर असतं. धक्का बसला की त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या तुटतात, ते इन्सुलेटरच्या पलीकडे जातात आणि तो करंट मोजला जातो.

२०२१ मध्ये एकाच सेन्सरचा २८ दिवसांचा डेटा प्रसिद्ध झाला. जड न्यूट्रिनो दिसला नाही. पण १०० ते ८५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात तो लपला असेल, तर किती क्वचित दिसायला हवा, याची मर्यादा काही ठिकाणी आधीच्या प्रयोगांपेक्षा दहापट कडक झाली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी तीन दिवस एक बग शोधून मी लाजत लिहिलं होतं, "काही सापडलं नाही." सीनियर म्हणाली, "कुठे कुठे शोधलंस ते लिही. पुढच्याचे तीन दिवस वाचतील."

"शोधलंच नाही" आणि "इथे, इतक्या बारकाईने शोधलं, नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मित्रा, एपिसोड त्यासाठी.

भेटूया पुढच्या भागात!