अल्प खर्चांत सुस्वर ध्वनियंत्र

घरांत उत्तम गायन-वादन ऐकावें, अशी इच्छा कोणास नसते? परंतु त्यासाठीं पुष्कळ द्रव्य लागतें अशी समजूत असल्यामुळें बेताच्या मिळकतीचीं कुटुंबें ही हौस मनांतच जिरवितात. ही समजूत कितपत खरी आहे, तें पाहूं.

ध्वनियंत्राचे मुख्य भाग तीन. पहिला, गाणें पुरविणारा. हें काम आजकाल घरांतील मोबाईलहि चांगलें करितो. दुसरा, विद्युत्-संदेशाचें बळ वाढविणारा अ‍ॅम्प्लिफायर. हा आतां लहान व स्वस्त मिळतो. तिसरा स्पीकर. विजेचें रूपांतर ध्वनींत करण्याचें अवघड काम त्याचें असल्यामुळें हाताशीं असलेल्या पैशाचा मोठा वांटा त्याजवरच खर्चावा.

आजच्या स्पीकरची रचना राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं इ. स. १९२५ मध्यें प्रसिद्ध केली. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें असून त्यास शंकूच्या आकाराचा पडदा जोडलेला असतो. वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह गेला म्हणजे पडदा पुढेंमागें हालतो व हवेंत लहरी उठतात.

पडदा पुढें सरतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते व त्याच क्षणीं मागची विरळ होते. स्पीकर उघडा ठेविला असतां या दोन विरुद्ध लहरी कडेनें वळून एकमेकींस मिळतात व खर्जाचे स्वर नाहींसे होतात. ध्वनीचा वेग दर सेकंदास सुमारें ३४० मीटर. तेव्हां सेकंदास ५० कंपनें असलेल्या स्वराच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर भरते. तिला अडविण्यास वीतभर स्पीकर कसा पुरा पडावा? म्हणून डग्ग्याचा घुमारा लोपून केवळ किरकिर उरते.

यावर उपाय म्हणजे लांकडाची भक्कम, बंद पेटी. तींत मागील लहर कोंडली जाते. इ. स. १९५४ मध्यें एडगर व्हिल्चर यांनीं पेटींतील कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. पेटीचें आकारमान स्पीकरच्या माहितीपत्रकावरून ठरवावें, सांधे सरसानें पक्के करावे व आंत थोडा कापूस भरावा. पडदा बोटांनीं हलकेच दाबून सोडला असतां सावकाश परत आला, तर पेटी हवाबंद झाली असें समजावें. मात्र भिंतींतील विजेच्या जोडणीस मुलांनीं हात लावूं नये. तें काम जाणत्याचें.

शेवटची सुधारणा तर फुकटची आहे. दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा. उघड्या भिंतींवरून आवाज परतून गोंधळ होतो. जाड पडदे, गाद्या व पुस्तकांचीं कपाटें तो कमी करितात. स्पीकर कोपऱ्यांत सरकविला कीं खर्ज वाढतो, बाहेर ओढला कीं कमी होतो. कानांस रुचेल ती जागा शोधावी.

तात्पर्य, महाग वस्तु विकत घेणें सर्वांस साधत नाहीं. परंतु सृष्टीचे नियम जाणून हातांनीं काम करणें गरिबाच्या मुलासहि साधतें, आणि त्या श्रमांतून निघालेला स्वर अधिकच गोड लागतो.