श्वासाजवळची हवा मोजताना

ओतकामाच्या कारखान्यांनी आपल्या बेळगावला रोजगार दिला, त्याचबरोबर धुळीचा प्रश्नही दिला. वाळूचे साचे फोडताना व ओतीव भाग घासून साफ करताना सिलिकेचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यातून जडणारा सिलिकोसिस बरा करणारे औषध आजही नाही. शिवाय अशा रुग्णास क्षयाचा धोका अधिक. म्हणूनच कामगाराच्या श्वासात किती धूळ जाते, हे वेळीच मोजणे अगत्याचे ठरते.

हल्ली कॉलरला अडकवता येणारी छोटी, स्वस्त उपकरणे मिळतात. त्यांचे आकडे माझ्यासमोर आले की मी प्रथम विचारतो, ‘हे कशाशी पडताळून पाहिले?’ या उपकरणांत कणांवरून विखुरलेला लेसर प्रकाश मोजला जातो व त्यावरून धुळीचे वजन अनुमानाने काढतात. कणांचा आकार, रंग वा घनता बदलली की अनुमान ढळते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलावा शोषून काही कण फुगतात आणि आकडा वाढतो. धूर कोणता व सिलिका कोणती, हा भेद तर त्या प्रकाशाला करताच येत नाही.

जुनी पद्धत कष्टाची, पण भरवशाची. कमरेला पंप आणि नाकापासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत फिल्टर. त्याआधी जाड कण वेगळे काढणारे छोटे सायक्लोन. मिनिटाला १.७ लिटर या वेगाने आठ तासांत ८१६ लिटर हवा ओढली जाते. समजा, फिल्टरचे वजन ०.४१ मिलिग्रॅमने वाढले, तर घनमीटरला सुमारे ०.५ मिलिग्रॅम धूळ झाली. प्रयोगशाळेत तिच्यात २० टक्के क्वार्ट्झ आढळले, तर त्याचे प्रमाण ०.१ मिलिग्रॅम होते. अमेरिकेने २०१६ साली ठरविलेल्या मर्यादेच्या हे दुप्पट आहे.

माझ्या मते दोन्ही साधने एकाच कामगारावर, एकाच पाळीत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही लावून तुलना करावी. फिल्टरमुळे दिवसभराची मात्रा कळेल. कोणत्या कामाच्या वेळी धूळ उसळते, ते छोटे उपकरण दाखवील. मग पाणी फवारावे की धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा, याचा निर्णय सोपा होईल.

आपण डॉक्टरांनी एवढे पथ्य अवश्य पाळावे. पडद्यावरचा कमी आकडा पाहून ‘काळजी नको’ असे सांगण्यापूर्वी तो पडताळलेला आहे ना, याची खात्री करून घ्यावी. आपल्या शब्दावर विसंबून तो कामगार पुढची अनेक वर्षे त्याच धुळीत उभा राहणार असतो.