रीडर मोडचं बटण दिसत नाही तेव्हा

शनिवारी संध्याकाळी घाटकोपर-मुलुंडकडची माणसं एकच बातमी शोधत असतात: उद्याचा मेगा ब्लॉक. माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर काम असलं की धीम्या लोकल जलद मार्गावर वळवतात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला त्या थांबत नाहीत. सांगायचं असतं एवढंच. पण पान उघडलं की आधी व्हिडिओ वाजतो, मग नोटिफिकेशनची चौकट येते, मग टू-बीएचकेची जाहिरात. हे सगळं हटवून नुसता मजकूर दाखवणारा रीडर मोड ब्राउझरमध्ये असतो खरा, पण त्याचं बटण नेमकं अशाच पानावर उगवत नाही.

का, ते फायरफॉक्समध्ये नीट पाहता येतं, कारण त्याचा कोड खुला आहे. 2009 मध्ये आर्क90 या कंपनीने काढलेल्या ‘रीडेबिलिटी’ या साधनाचा हा कोड वंशज. पान उघडताच ब्राउझर परिच्छेदांची लांबी मोजतो. 140 अक्षरांपेक्षा छोटा परिच्छेद तो धरतच नाही. मोठ्या परिच्छेदाच्या लांबीतून 140 वजा करायचे, उरलेल्याचं वर्गमूळ काढायचं. अशा वर्गमुळांची बेरीज 20 च्या वर गेली तरच बटण दिसतं. म्हणजे 240 अक्षरांच्या परिच्छेदाला 10 गुण. असे दोन असले तरी भागत नाही, तिसरा लागतो. (मोजणीत उकार-अनुस्वारही सुटे धरतात, त्यामुळे ‘मुंबई’ची अक्षरं होतात पाच. मराठीला तेवढाच फायदा!) मेगा ब्लॉकची बातमी मात्र ‘कुठे’, ‘कधी’, ‘परिणाम’ अशा एकेका ओळीत उरकलेली असते. गुण शून्य.

पण हा झाला नुसता अंदाज. मजकूर वेगळा काढणारं काम त्यानंतरचं, आणि ते आपण जबरदस्तीने करून घेऊ शकतो. संगणकावर फायरफॉक्समध्ये पानाच्या पत्त्याआधी ‘अबाउट:रीडर?यूआरएल=’ हे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. एजमध्ये पत्त्याआधी ‘रीड’ आणि विसर्गासारखी दोन टिंबं पुरतात. क्रोममध्ये पानावर राइट क्लिक करून रीडिंग मोड निवडला की बाजूला पट्टी उघडते. ती रिकामी आली तर हवा तेवढा मजकूर माउसने सिलेक्ट करा, तो तिथे येतो. मला हीच युक्ती सगळ्यात भरवशाची वाटते, कारण काय वाचायचं ते आपणच ठरवतो.

निवड ब्राउझरवर सोपवली, तर तो स्वल्पविराम आणि लांबी बघून गुण देतो आणि लिंकांनी भरलेल्या भागाचे गुण कापतो. ‘हेही वाचा’चा ढीग त्यामुळेच उडतो. कधीकधी त्याबरोबर गाड्यांच्या वेळांचा तक्ताही जातो, म्हणून ब्लॉकच्या वेळा मूळ पानावर एकदा ताडून घ्याव्यात.