विश्लेषण : गाणी सात, वेळ सव्वा तास… 'ग्रेटफुल डेड'चा 'लाइव्ह/डेड' अल्बम कसा ऐकायचा?

अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या बँडचा 'लाइव्ह/डेड' हा अल्बम नोव्हेंबर १९६९ मध्ये बाजारात आला. दोन तबकड्या, चार बाजू आणि गाणी अवघी सात. त्यातील पहिले गाणे तब्बल २३ मिनिटांचे. गाणे लावून अर्ध्या मिनिटात पुढचे गाणे शोधायची सवय लागलेल्या श्रोत्याला हा अल्बम मुळात सुरूच होत नाही, असे वाटण्याची शक्यता जास्त. तरीही जॅम बँड म्हणजे काय, हे समजून घ्यायला निघालेल्यांना आजही बहुधा हाच अल्बम सुचवला जातो. त्यात नेमके काय आहे आणि तो मोबाइलवर कसा ऐकावा, याविषयी.

जॅम बँड म्हणजे काय?

मंचावर ठरलेले गाणे जसेच्या तसे न वाजवता त्याच्या आधाराने आयत्या वेळी नवे संगीत रचत जाणारा वाद्यवृंद म्हणजे जॅम बँड. 'ग्रेटफुल डेड'ची सुरुवात १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. 'लाइव्ह/डेड'च्या वेळी बँडमध्ये सात जण होते. जेरी गार्सिया आणि बॉब वेअर गिटारवर, फिल लेश बास गिटारवर, टॉम कॉन्स्टँटेन कीबोर्डवर, बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट असे दोन ड्रमवादक आणि 'पिगपेन' या नावाने ओळखले जाणारे गायक रॉन मॅकर्नन.

आपल्याकडे एकाच रागाचा पाऊण तास विस्तार ऐकणाऱ्या श्रोत्याला ही कल्पना फार परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की ख्यालात एक मुख्य कलाकार असतो आणि बाकीचे साथ करतात. इथे सातही जण एकाच वेळी रचना करत असतात. गार्सिया यांची गिटार बहुतेक वेळा पुढे असते, पण मागचे कोणी केवळ ठेका धरून बसलेले नसते.

स्टुडिओ सोडून मैफलीतच ध्वनिमुद्रण का?

पहिले कारण पैशांचे. 'ऑक्सोमॉक्सोआ' हा त्याच वर्षीचा त्यांचा स्टुडिओ अल्बम एकदा ध्वनिमुद्रित करून झाल्यावर, १६ ट्रॅकचे नवे यंत्र हाती येताच पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आला. त्यात भरपूर खर्च झाला आणि वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीचे देणे वाढले. मैफलीचा अल्बम त्या मानाने स्वस्तात तयार होणार होता.

दुसरे कारण संगीताचे. स्टुडिओत हा बँड तसा खुलत नसे. 'डार्क स्टार' हेच गाणे १९६८ मध्ये स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले होते, तेव्हा ते तीन मिनिटांच्या आत संपले होते.

१६ ट्रॅकच्या यंत्रात दोन इंच रुंदीच्या एकाच फितीवर १६ स्वतंत्र पट्टे असतात. प्रत्येक वाद्याचा आवाज आपापल्या पट्ट्यावर उतरतो आणि नंतर प्रत्येकाची पातळी वेगळी कमी-जास्त करता येते. बेटी कँटर आणि बॉब मॅथ्यूज या ध्वनितंत्रज्ञांनी हे अवजड यंत्र थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहांत नेले. रॉक संगीतातील १६ ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झालेला हा पहिला लाइव्ह अल्बम मानला जातो. एकाच वेळी वाजणारी इतकी वाद्ये त्यात वेगवेगळी ऐकू येतात, ती यामुळेच.

'डार्क स्टार'च्या २३ मिनिटांत घडते काय?

कागदावर पाहिले तर फारसे काही नाही. दोनच मुख्य कॉर्ड, एक छोटी सुरावट आणि दोन कडवी. स्वरांची ठेवण कोमल निषादाची, म्हणजे खमाज थाटाशी जुळणारी. पहिला शब्द यायलाच सुमारे सहा मिनिटे जातात. दुसरे कडवे येते ते थेट शेवटाकडे.

मधल्या वेळात कान लेश यांच्या बासवर ठेवून पाहावा. रॉक संगीतात बास गिटारचे काम सहसा ड्रमबरोबर पाया भरण्याचे. लेश मात्र आधी ट्रम्पेट शिकलेले आणि लुचानो बेरिओ या आधुनिक रचनाकाराच्या वर्गात बसलेले. त्यांचा बास गार्सिया यांच्या गिटारशी बोलत राहतो. कधी उत्तर देतो, कधी आडवा जातो. गिटारने टाकलेला एखादा तुकडा काही क्षणांनी दुसऱ्या वाद्यात उमटतो आणि सगळा बँड हळूहळू तिकडे वळतो. कधी वाद्ये इतकी विरळ होतात, की गाणे संपले असे वाटावे. मग मूळ सुरावट परत येते आणि इतका वेळ सगळे कुठवर गेले होते, ते तेव्हा लक्षात येते.

११ मात्रांचा धागा मुंबईशी कसा जुळतो?

दुसऱ्या बाजूवर 'सेंट स्टीफन'ला जोडून 'द इलेव्हन' येते. नावाप्रमाणेच त्याचे आवर्तन ११ मात्रांचे आहे. तीन, तीन, तीन, दोन असे मोजत गेल्यास ते हाताशी लागते. चार मात्रांच्या सरळ चालीवर उभ्या असलेल्या रॉक संगीतात हे दुर्मीळ होते. आपल्याकडे रुद्र ताल ११ मात्रांचा असतो.

ड्रमवादक मिकी हार्ट यांची उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी १९६७ मध्ये भेट झाली आणि त्यांच्याकडून त्यांनी तालाचे धडे घेतले. बँडला लागलेली विषम मात्रांची गोडी या शिक्षणाशी जोडली जाते. पुढे अल्लारखाँ यांचे मुंबईत जन्मलेले पुत्र झाकीर हुसेन आणि हार्ट यांची जोडी जमली. १९७६ मध्ये 'दिगा ऱ्हिदम बँड'चा अल्बम आला. १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम'ला जागतिक संगीताचे पहिले ग्रॅमी मिळाले. झाकीर हुसेन यांची ही बाजू ज्यांना ठाऊक आहे, त्यांना 'द इलेव्हन'मधील दोन ड्रमचे संवाद ओळखीचे वाटतील.

ज्यांना काढायचे ठरले, त्यांनाच एक पूर्ण बाजू?

अल्बममागची खरी कहाणी इथे आहे. १९६८ च्या उत्तरार्धात गार्सिया आणि लेश यांना वाटू लागले, की बँडचे संगीत जितके गुंतागुंतीचे होत आहे, तितके वेअर आणि पिगपेन यांना झेपत नाही. दोघांना काढून टाकण्यापर्यंत गोष्टी गेल्या. त्या ऑक्टोबरमध्ये उरलेल्यांनी त्यांच्याशिवाय काही कार्यक्रमही केले. तो बेत टिकला नाही आणि दोघेही बँडमध्येच राहिले. मात्र पिगपेन यांचा कीबोर्ड बराचसा कॉन्स्टँटेन यांच्याकडे गेला.

काही महिन्यांनी ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमची तिसरी बाजू पूर्णपणे पिगपेन यांच्या नावावर आहे. बॉबी ब्लँड यांचे १९६१ चे गाजलेले 'टर्न ऑन युअर लव्ह लाइट' ते सुमारे १५ मिनिटे गातात. कॉर्ड साधे, ठेका सरळ. पण श्रोत्यांशी थेट बोलत, शब्द आयत्या वेळी जुळवत ते सभागृह ताब्यात घेतात आणि अवघड वाजवणारा सगळा बँड त्यांच्या इशाऱ्यावर थांबतो, उसळतो. पहिल्या बाजूवर ते जवळपास जाणवतही नाहीत. तिसऱ्या बाजूवर त्यांच्याशिवाय काहीच उभे राहत नाही. हा माणूस बँडमध्ये कशासाठी हवा होता, याचे उत्तर याच १५ मिनिटांत मिळते. पिगपेन मार्च १९७३ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी गेले.

ही एकाच रात्रीची मैफल आहे का?

ऐकताना तसे वाटते, पण नाही. 'डार्क स्टार' आणि 'सेंट स्टीफन' हे २७ फेब्रुवारी १९६९ चे, 'फिलमोर वेस्ट' सभागृहातले. 'द इलेव्हन' आणि 'लव्ह लाइट' त्याआधीचे, २६ जानेवारीचे, 'अ‍ॅव्हलॉन बॉलरूम'मधले. शेवटची बाजू २ मार्चची, पुन्हा 'फिलमोर वेस्ट'ची. म्हणजे 'सेंट स्टीफन'मधून 'द इलेव्हन'मध्ये बँड सलग शिरतो असे वाटते, तिथे प्रत्यक्षात महिनाभराचे अंतर आहे आणि सभागृहही बदलले आहे. फिती कापून जोडण्याचे ते काम आहे.

यात फसवणूक वाटण्याचे कारण नाही. त्या काळात हा बँड ही गाणी बहुधा याच क्रमाने सलग वाजवत असे, त्यामुळे जोड बेमालूम बसला. ज्यांना न कापलेली मैफल हवी, त्यांच्यासाठी 'फिलमोर वेस्ट'मधील चारही रात्रींचे संपूर्ण ध्वनिमुद्रण २००५ मध्ये दहा सीडींच्या संचात प्रसिद्ध झाले. पुढे चाहत्यांनी स्वतः मैफली ध्वनिमुद्रित करून फितींची विनामूल्य देवाणघेवाण केली. बँडने ती चालू दिली आणि १९८४ मध्ये त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागाही ठेवली.

मोबाइलवर ऐकताना काय सांभाळावे?

सर्वात आधी हेडफोन. बास गिटारची सर्वात खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला इतका खालचा स्वर पेलत नाही, त्यामुळे लेश यांचा अर्धा संवाद हरवतो. दुसरे, शफल बंद ठेवावे. गाणी एकमेकांत मिसळलेली असल्याने क्रम बदलला तर हाती केवळ तुकडे येतात. अ‍ॅपमध्ये 'गॅपलेस'ची सोय असल्यास ती सुरू करावी, नाहीतर दोन गाण्यांच्या सांध्यावर शांततेचा खड्डा पडतो.

सव्वा तास सलग मिळत नसेल, तर एका वेळी एक बाजू ऐकावी. मूळ श्रोतेही तबकडी उलटायला उठतच होते. सुरुवात तिसऱ्या बाजूपासून केली तरी चालेल, कारण ती सर्वात सोपी आहे. शेवटच्या बाजूवरील 'फीडबॅक'मध्ये काही मिनिटे सूर असा नाहीच. स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून वाढत जातो, तेव्हा निघणारा हा चीत्कार आहे आणि वादक तो गिटारची दिशा व आवाजाची पातळी बदलून आवरत असतात. फोन बिघडला असे समजून तिथे थांबू नये. त्यानंतर वाद्ये बाजूला पडतात आणि केवळ गळ्यांवर गायलेला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा निरोप येतो. इतक्या गोंगाटानंतर तो किती स्वच्छ ऐकू येतो, हे मागचे ऐकलेल्यालाच कळते.