पुराचा हप्ता कोणाच्या खिशातून?

पाणी ओसरलं तरी भिंती महिनोन् महिने ओल धरून राहतात. गिलावा खरवडा, वायरिंग बदला. अशा नदीकाठच्या घराचा विमा कोणती कंपनी स्वस्तात उतरवेल? ब्रिटनने २०१६ मध्ये ‘फ्लड री’ योजना आणली. घरविमा विकणाऱ्या कंपन्या दरवर्षी वर्गणी भरतात, त्यातून पूरप्रवण घरांचा हप्ता आवाक्यात राहतो. म्हणजे टेकडीवरचा माणूसही नकळत खालच्या गाळाचे पैसे मोजतो. मेख पुढेच आहे. २००९ पासून बांधलेल्या घरांना ही सवलत नाही. पूररेषेत नव्याने बांधाल, तर तुमचं तुम्ही निस्तरा. (भुर्दंड बिल्डरला नव्हे, घर घेणाऱ्याला बसतो, हे मला खटकतं.) आणि जुन्यांचाही आधार कायमचा नाही: योजना २०३९ मध्ये गुंडाळली जाणार आहे.